तुझा नकार, माझा नियम

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

सकाळपासून मुलांच्या तंत्र-मेळाव्याचे कीबोर्ड धुते आहे. सगळे उलटे करून आपटले, बटणं उचकटून साबणाच्या पाण्यात टाकली आणि आता एकेक पुसून जागेवर बसवते आहे. तू असतीस तर शेजारच्या स्टुलावर बसून म्हणाली असतीस, "शाले, नवे घेऊ ना आता." मी म्हणाले असते, "आण मग." आणि तू विसरून गेली असतीस.

वसू, तुझा तेरावा होऊन गेला. माणसं आली, बोलली, जेवली, गेली. मी रडले नाही, त्याचीही नोंद काही जणींनी घेतली. मला वेळ नव्हता. मेळावा तोंडावर आलाय, हॉल ठरलेला नाही, जेवणाचं ठरलेलं नाही, आणि काल सोपान येऊन एक प्रश्न टाकून गेला आहे. उद्या सकाळी त्याला उत्तर द्यायचं आहे. त्याआधी तुझ्याशी राहिलेलं भांडण पुरं करते. तू उलट बोलणार नाहीस, ही माझी सोय. आजवर मला ती कधी मिळाली नव्हती.

सोपान म्हणजे धर्मापुरीचा आपला सोपान. बापाची मेंढरं, घरात पहिलाच शिकलेला. एसटीने अंबाजोगाईला यायचा, संध्याकाळी तुझ्याकडे प्रोग्रामिंग शिकायचा आणि परतीची गाडी चुकली की आमच्या ओसरीत झोपायचा. तू शिकवायचीस, मी जेवायला घालायचे. आता तो पुण्याच्या एका कंपनीत आहे. सैन्यासाठी बिनमाणसाची विमानं बनवणारी कंपनी. ती कंपनी यंदा आपल्या मेळाव्याचा सगळा खर्च उचलायला तयार आहे. मोठा हॉल, दोन वेळचं जेवण, मुलांना बक्षिसं. आणि त्या बक्षिसाला तुझं नाव. व्यासपीठावर तुझा फोटो, खाली कंपनीचं चिन्ह.

बघ, मेल्यावरही तूच.

हेच तीन वर्षांपूर्वी त्याने तुला विचारलं होतं, आणि तू नाही म्हणाली होतीस. मी हो म्हणत होते. तेव्हा तुझं चाललं. आता विचारायला फक्त मी उरले आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की एकदा तरी माझ्या शब्दावर ठरावं. आता ठरणार आहे, तर माझ्या समोर दोन रस्ते आहेत आणि दोन्हींच्या टोकाला तूच उभी आहेस. हो म्हटलं तर लोक म्हणतील, वसुधाताईंची राख थंड झाली नाही तोवर हिने मेळावा विकला. नाही म्हटलं तर म्हणतील, बघा, मैत्रिणीचा शब्द कसा पाळला. माझं असं काही मला करता यावं, एवढीही जागा तू ठेवून गेली नाहीस.

श्रद्धांजलीच्या सभेत कॉलेजच्या सरांनी भाषण केलं. म्हणाले, "जे टेबलावर ठेवाल ते खोलून दाखवायचं, हा वसुधाताईंनी घालून दिलेला दंडक." मी पुढच्याच रांगेत बसले होते. तुझ्या फोटोकडे पाहिलं. हार घातलेला माणूस चुकीची दुरुस्ती करत नाही.

तो नियम माझा आहे, वसू. तुला माहीत आहे. पहिल्या वर्षी आपण शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती. एक इन्व्हर्टर विकणारा आला होता, मुलांपुढे छाती फुगवून सांगत होता की आत सगळं तांबं आहे. मी पिशवीतला पेचकस काढला. "खोलू का?" म्हटलं. तो हसला. "काकू, खोलून तुम्हाला काय दिसणार?" मी स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं, तार खरवडली. आत पांढरं ॲल्युमिनियम, वरून तांबड्या रंगाचा लेप. मुलं टेबलावर वाकून बघत होती. तो माणूस जेवायच्या आत सामान बांधून गेला. तू मागून आलीस आणि म्हणालीस, "पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनाच हे करायला लावू." म्हणालीस तू, हे खरं. पेचकस माझ्या हातात होता.

तेव्हापासून मुलांनी मेळाव्याचं नावच खोलाखोली पाडलं. यंत्र असेल तर झाकण काढून दाखवायचं, प्रोग्राम असेल तर ओळी पडद्यावर लावायच्या. दुधाचं फॅट मोजायचं मशीन, मोटारीचा स्टार्टर, पोरांनी बनवलेलं हजेरीचं ॲप, सगळं उघडं. केजहून, परळीहून, गेवराईहून मुलं यायची. घरी जाताना हातांना ग्रीस लागलेलं असायचं. आणि ती सगळी तुला मॅडम म्हणायची आणि मला काकू. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आहे, वीस-बावीस वर्षं दुकान चालवते आहे, निम्म्या तालुक्याचे कॉम्प्युटर माझ्या हाताखालून गेलेत. पण तू पुण्याला मोठ्या कंपनीत होतीस, दोन वर्षं परदेशात राहून आलीस, वडलांच्या आजारपणात नोकरी सोडून परत आलीस. परत येणाऱ्याला मान असतो. जी कधी गेलीच नाही, ती काकू.

मला तुझा मत्सर वाटायचा. हे तुला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. आपण हा विषय कधी काढला नाही. तुझ्या साड्यांचा नाही वाटायचा, तू वाईट नेसायचीस. तू सोल्डर मारायचीस ते बघून तर मला बरं वाटायचं. तुझा एक जोड धड बसायचा नाही, बोट भाजायचीस, आणि मी समोर बसून शांतपणे म्हणायचे, "पुन्हा कर." त्या तासाभरात मी मॅडम असायचे. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा आठवडाभर तू माझं दुकान सांभाळलंस. कुणाचा चार्जर कुणाला दिलास, एका माणसाचा लॅपटॉप चुकून त्याच्या व्याह्याच्या घरी गेला. मी परत येऊन महिनाभर ते निस्तरत होते. त्यातलं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट अजून विचारतात, "त्या मॅडम कवा येणार?" आता काय सांगू त्यांना?

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार. सोपान छातीवर कंपनीचं नाव विणलेला शर्ट घालून दुकानात आला. पेढे आणले होते, आधी तुझ्या पाया पडला, मग माझ्या. मग कंपनीचं बोलणं काढलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कामावर घ्यायला कंपनीचे लोक येतील म्हणाला. मी हातातलं काम खाली ठेवलं, "हो म्हणूया की," म्हटलं. आमच्या मुलांकडे पुण्याहून कुणी आपणहून बघायला येतंय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तू विचारलंस, "विमानं नुसती बघायची का मारायची?"

"मॅडम, संरक्षणासाठी हायत."

"मी काय विचारलं, सोपान?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दोन्ही."

मी विचारलं असतं तर त्याने मला संरक्षणावरच थांबवलं असतं. काकूला एवढं पुरतं.

तो गेल्यावर तू सरळ म्हणालीस, "नाही सांगून टाकू."

"कावून?" मी म्हटलं. चिडले की माझी माहेरची बोली बाहेर येते, तुला ठाऊक आहे. "कावून नाही? ही मुलं पुण्यात खोली घेऊन राहतात, वर्षभर अर्ज करतात, कुणी हिंग लावून विचारत नाही. पहिला माणूस दारात आला आणि तू दार लावतेस."

"दारात आलाय तो जेवण घालायला नाही आला. मुलं निवडायला आलाय. आणि आपण त्यांना ताटात वाढून देणार. बक्षीस हातात घेतलं की पोरगं विचारत नाही, हे कशासाठी आहे."

"आणि माझ्या घरात सुभेदार आहे, त्याचं काय? त्याच्या अंगातलं जाकीट कुठल्या कारखान्यात झालं होतं? तो कारखाना वाईट?"

"मी सैन्याला वाईट म्हणत नाही. कंपनी म्हणजे सैन्य नव्हे. जो विकत घेईल त्याला ती विकणार. तिचा बोर्ड आपल्या मुलांच्या डोक्यावर नको, एवढंच म्हणते."

"तुला म्हणायला काय जातंय? तुझं पोट भरलेलं आहे."

हे मी बोलले. तेवढ्यात आतून सुभेदार चहा घेऊन आले. माझा नवरा, सैन्यातून निवृत्त झालेला, गल्लीत सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात, मीसुद्धा. मला वाटलं, आता माझ्या बाजूचं माणूस आलं.

तू म्हणालीस, "भाऊजी, तुम्हीच सांगा. तुम्ही हे सगळं वापरलंय."

"यंत्र चांगलं असतंय, वसुधाताई. जवान वाचतो. खोटं बोलणार न्हाई."

मी तुझ्याकडे पाहिलं. झालं, असं.

"आणि समोरचा?" तू विचारलंस.

सुभेदारांनी कप खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि बसले. मग त्यांनी सांगितलं. कुठल्याशा चौकीवर असताना, धुक्यातून काहीतरी हलत येत होतं. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं. पाठीवर ओझं दिसलं. वरून हुकूम आला, गोळी चालवली. नंतर जाऊन बघितलं तर खेचर.

"लाकडं व्हती पाठीवर," ते म्हणाले. "आन् खेचराच्या मागं त्याचा धनी."

तू विचारलंस, "नाव कळलं?"

"न्हाई. कोण सांगणार."

मी हातात तापलेली सोल्डरिंग गन धरून उभी होते. वसू, आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली असतील. त्यांचा कुठला गुडघा कुठल्या महिन्यात दुखतो ते मला माहीत आहे. पहाटे धुकं पडलं की ते फिरायला जात नाहीत, हेही माहीत होतं. मला वाटायचं, गुडघ्यामुळे. आणि तू, दिवाळी-दसऱ्याला घरी येणारी बाई, दोन शब्द विचारतेस आणि ते सगळं सांगून मोकळे होतात. तू गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "मला कधी सांगितलं नाही." ते म्हणाले, "तू कवा इचारलं?" म्हणजे चूक माझीच. त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही, तुझ्याशी आठवडाभर.

त्या दुपारी तू मात्र तेवढ्यावर थांबली नाहीस. म्हणालीस, "भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तरी चुकलं. सोपानच्या यंत्रात कोण बघणार?"

सुभेदार म्हणाले, "ते बी खरं. पर यंत्रानं कदाचित खेचर वळखलं असतं. कोण जाणे."

मी लगेच म्हटलं, "बघ."

मला अजूनही वाटतं की ते बरोबर बोलले. तुलाही उत्तर सुचलं नव्हतं, तुझा चेहरा मी ओळखते. मग तू स्वतःचं सांगितलंस. परदेशात असताना तू नकाशांच्या कुठल्या कामावर होतीस. पुराच्या वेळी माणसं कुठे अडकलीत ते शोधायला, असं तुम्हाला सांगितलं होतं. तू मनापासून ते केलंस. नंतर कळलं की तेच काम दुसरीकडे, दुसऱ्या कामासाठी वापरलं जातंय. कुणाला शोधायला, ते कुणी सांगेना. "माझ्या ओळी अजून तिथं आहेत," तू म्हणालीस, "आणि मला त्या खोलून बघता येत नाहीत."

खरं सांगू, मला त्याचाही मत्सर वाटला. तुझी खंतसुद्धा केवढी मोठी. मी कुणाला चुकीचा मदरबोर्ड विकला असेल, त्याची बायको येऊन भांडून गेली असेल. माझ्या चुका दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत. तुझ्या समुद्रापलीकडे जायच्या.

म्हणून मी शेवटचं बोलले. "आणि सोपान कुणाचा विद्यार्थी गं? त्याला हे काम कुणी शिकवलं? तुझंच शिकवलेलं घेऊन तो तिथं बसलाय."

तू म्हणालीस, "हो. म्हणून तर," आणि तेवढ्यात एक माणूस प्रिंटर डोक्यावर घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या प्रिंटरमध्ये पाल अडकली होती. ती काढण्यात अर्धा तास गेला, आणि तुझं वाक्य तिथेच राहिलं. पुढे मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. म्हणून तर काय? म्हणून तर बोर्ड नको? म्हणून तर त्याला आपल्यापासून तोडायचं नाही? तू त्याच्या लग्नाला गेलीस, त्याच्या पोरीला सोन्याचा मणी घातलास. कंपनीला नाही म्हटलंस आणि पोरगं धरून ठेवलंस. मी त्याची बाजू घेऊन तुझ्याशी भांडले, तर त्याला ते आठवतही नाही, असं मला कालपर्यंत वाटायचं. काल रडला तो तुझ्यासाठी. आमच्या ओसरीत, माझ्या समोर.

त्या वर्षीच्या मेळाव्यात तू माइक घेऊन सांगितलंस की आपल्याला एक मोठी मदत मिळत होती, आपण ती घेतली नाही, आणि का घेतली नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे होते. धान्याच्या मोंढ्यातल्या आप्पांनी दिलेल्या तुरीच्या डाळीची खिचडी खाली लागली होती, आणि मी लागलेली वरच्या चांगल्यात मिसळू नये म्हणून आचाऱ्याशी हुज्जत घालत होते. टाळ्या ऐकू आल्या. तत्त्व तुझं, आणि त्याने पडलेला खड्डा भरायला मी मोंढ्यात दुकानोदुकानी फिरले होते. तू खाली आलीस, ताट घेऊन पंगतीत बसलीस आणि म्हणालीस, "शाले, खिचडी काय झालीय." तुला करपलेला वास आला नाही. तुला अशा गोष्टी कधीच कळल्या नाहीत, आणि तू दोनदा मागून घेतलीस. मी वाढली. आणि मला बरं वाटलं, हे मात्र लिहून ठेवते.

काल सोपान आला तो एकटाच. चहा घेतला नाही. म्हणाला, "काकू, मॅडमच्या नावानं काहीतरी राहायला पाहिजे."

"त्या नाही म्हणाल्या होत्या, हे तुला माहीत आहे."

"तवा कंपनीच्या नावानं व्हतं. आता त्यांच्या नावानं हाय. आन् तुमी तर तवा बी हो म्हणत व्हता."

म्हणजे आठवत होतं त्याला. माझं हो त्याने तीन वर्षं जपून ठेवलं होतं, कामाला येईल म्हणून.

मी म्हटलं, "बरं. टेबल लावशील का?"

"लावू की. फवारणीचं विमान आणू. कंपनी ते बी बनवते. पोरांना आवडंल."

"ते नको. तू स्वतः काय बनवतोस ते आण. ठेव टेबलावर आणि खोल."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "काकू, त्ये न्हाई आणता येत. सही केलेली हाय. घरी बी सांगता येत न्हाई."

"मग आईला काय सांगितलंय?"

"विमानाचं काम हाय म्हणून. तिला वाटतंय, फवारणीचं. मी बी म्हणतो, व्हय."

"बायकोला?"

तो नखाने टेबलावरचा रंग खरवडत बसला. शाळेत असल्यापासून त्याची ती सवय आहे. मी म्हटलं, परवा सकाळी फोन करते.

तर आता ऐक. मी तुझ्यासारखी नाही. सैन्याला यंत्रं लागतात, ती कुणीतरी बनवणार, आणि त्यातली काही गुपित राहणार, हे मला मान्य आहे. सोपानने ती नोकरी सोडावी असं मी म्हणत नाही, त्याच्या घरात पहिल्यांदा पक्की भिंत उभी राहिली आहे. यंत्राने खेचर ओळखलं असतं का, हे मला माहीत नाही, आणि तुलाही नव्हतं. तुझ्या कारणावर मी नाही म्हणू शकत नाही. तुझं कारण तुझ्याबरोबर गेलं.

पण गुपित घेऊन घरी आलेल्या माणसाबरोबर मी संसार केला आहे. तू नाही केलास. तुला ते एका चहात मिळालं, सांगणाऱ्याचं ओझं उतरलं आणि तू रिक्षात बसून घरी गेलीस. मी पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी झोपले आणि मला गुडघा वाटत होता. सोपानची आई आता फवारणी समजते आहे. त्याची पोरगी मोठी होईल, तीही समजेल. हे काम कुणी करायचं तर करो. पण घरात सांगता न येणारी नोकरी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपुढे जेवणाच्या ताटातून ठेवायची नाही, आणि तीही जिथे सगळं खोलून दाखवतात असं आपण त्यांना सांगतो त्या जागी. त्यांना आधी सांगायला हवं की झाकण कायमचं लावून जगणं काय असतं. ते कंपनी सांगणार नाही. तूही सांगू शकली नसतीस. तुला माहीत नव्हतं.

हे माझं आहे. हे तुझ्याकडून आलेलं नाही. निकाल तोच निघाला, त्याला माझा इलाज नाही, आणि त्याचा मला राग आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

काल संध्याकाळी सुभेदारांना सांगितलं. ते म्हणाले, "लोक म्हणतील, वसुधाताईसाठी केलं."

"म्हणू देत."

"तुला चालंल?"

"नाही चालणार."

ते हसले. मग म्हणाले, "त्या धन्याचं सांगितलं न्हाई तुला, ते चुकलंच माझं." मी म्हटलं, "आता सांगा. वसूला सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त सांगा." आणि त्यांनी सांगितलं. तुला न सांगितलेलं एक. ते मी इथे लिहिणार नाही. ते माझ्याकडे राहील.

आज सकाळी सोपानला फोन केला. कंपनीला नाही म्हटलं, आणि कारण सांगितलं. तो मग म्हणाला, "मॅडमसाठी ना, काकू?"

"नाही. मी सांगते म्हणून. आणि तू यायचंस. साधा शर्ट घालून. एखादा जुना मोबाइल खोल, मुलांना शिकव. आणि कुणी विचारलं की कुठे काम करतोस, काय करतोस, तर जे सांगता येत नाही ते सांगता येत नाही, असं सरळ सांग. फवारणी सांगू नकोस."

"लई अवघड हाय, काकू."

"म्हणून तर बोलावते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मोंढ्यात आप्पांकडे गेले. डाळीचं बोलले. तिथून छपाईच्या दुकानात. तिथला माणूस आपली पत्रकं दरवर्षी छापतो. त्याने जुनं पत्रक पडद्यावर काढलं. खाली संयोजक म्हणून तुझं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरात माझं.

"मॅडमचं नाव वर घेऊ, काळ्या चौकटीत?" तो म्हणाला. "फोटो बी टाकू. बरं दिसंल."

"काढून टाका."

"सगळंच?"

"सगळं. संयोजक म्हणून माझं एकटीचं नाव टाका. पूर्ण. ठळक."

तो माझ्याकडे बघत राहिला. "लोक इचारतील, मॅडमचं नाव का न्हाई."

"विचारतील," मी म्हटलं. "आता उत्तर द्यायला मीच आहे."

त्याने तुझ्या नावावर माउस नेला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने ते पुसलं, आणि मी माझं पूर्ण नाव त्याला एकेक अक्षर सांगत तिथेच उभी राहिले, पहिलं पत्रक छापून हातात येईपर्यंत.